डेटा मॉडेलर टीमच्या पद्धतीनं कसं बसवायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सतत येणारे प्रश्न

यातला एकही प्रश्न मी घरी बसून रचलेला नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, पतसंस्था आणि साखर कारखान्यांची कामं करणाऱ्या लहान टीम, खानापूर-निपाणीत घरी बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणारी मुलं आणि आमच्या ऑफिसातून शिकून गेलेले काही जण हे प्रश्न व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा पाठवतात. दहाव्यांदा तेच टाईप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

डेटा मॉडेलर म्हणजे डेटाबेसातली टेबलं आणि त्यांची नाती आधी आकृतीत मांडायचं टूल. उत्तरं ओरॅकलच्या एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलरला धरून आहेत. ते फुकट मिळतं आणि विचारणारे बहुतेक जण तेच वापरतात. तुमचं टूल वेगळं असेल तर आधी प्रश्न १७ बघा. टेबल-कॉलमची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, पडद्यावर ती रोमन लिपीतच टाकायची.

१. टूल टीमप्रमाणे बसवायचं म्हणजे करायचं काय? रंग आणि फॉन्ट बदलायचे का?

रंग-फॉन्ट अगदी शेवटी. आधी चार गोष्टी ठरवायच्या: नावं कशी द्यायची, डेटाटाइप (कॉलमात आकडा, मजकूर की तारीख) कुठून निवडायचे, चूक कुणी पकडायची आणि शेवटी निघणारं डीडीएल (डेटाबेसात टेबलं बनवणाऱ्या आज्ञा) कसं दिसायला हवं. एका पतसंस्थेच्या कामात आमच्या तिघांनी मोबाईल नंबरचा कॉलम तीन तऱ्हांनी केला होता. एकानं नंबर, दुसऱ्यानं दहा अक्षरांचा मजकूर, तिसऱ्यानं पंधरा अक्षरांचा. स्टँडर्डची वर्ड फाईल तिघांकडेही होती, उघडली कुणीच नव्हती. टूलमध्ये 'मोबाईल' नावाचं डोमेन, म्हणजे एकदा ठरवून सगळीकडं वापरायचा तयार डेटाटाइप, समोर दिसलं असतं तर तिघांनीही तेच उचललं असतं. योग्य पर्याय हाताला सगळ्यात आधी लागावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

२. माझ्या मशीनवर सेटिंग दिसतं, शेजारच्याच्या मशीनवर का दिसंना?

कारण सेटिंग तीन वेगवेगळ्या ठिकाणी साठतात आणि तुम्ही बहुधा पहिल्या ठिकाणी बदल केलाय.

पहिलं ठिकाण म्हणजे टूल्स मेनूतलं प्रेफरन्सेस. ते तुमच्या मशीनवर, तुमच्या लॉगिनपुरतं असतं. तिथं काहीही बदला, शेजारच्याला पत्ता लागत नाही. दुसरं, ब्राउझरमध्ये डिझाईनच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यावर येणारं सेटिंग्ज. नावांचे साचे, आकृतीचे रंग, वर्गीकरणाचे प्रकार इथं असतात आणि डिझाईन जाईल तिकडं ते सोबत जातात. तिसरं ठिकाण म्हणजे डीफॉल्ट सिस्टिम टाइप्स डिरेक्टरी नावाचा फोल्डर. डेटाटाइपची यादी, डोमेनची फाईल, तुम्ही लिहिलेले नियम आणि स्क्रिप्ट त्यात पडतात. हा फोल्डर कुठं आहे ते प्रेफरन्सेसमध्ये दिसतं.

बदल करण्याआधी स्वतःलाच विचारा: हा मला हवाय, या प्रोजेक्टला हवाय की सगळ्या टीमला? उत्तरावरून ठिकाण ठरतं. आमच्याकडचे निम्मे घोटाळे चुकीच्या ठिकाणी केलेल्या बरोबर बदलांचे होते.

३. टाइप्स फोल्डर सगळ्यांसाठी एकच कसा ठेवायचा?

मुळात तो टूलच्या स्वतःच्या फोल्डरच्या आत असतो आणि खरी मेख तिथंच आहे. तो उचलून बाहेर कॉपी करा, प्रत्येकाच्या प्रेफरन्सेसमध्ये नवा पत्ता द्या, टूल बंद करून पुन्हा उघडा. सगळे एकाच ऑफिसात असतील तर सर्व्हरवरचा शेअर चालतो. कुणी खानापुरातून घरच्या नेटवर काम करत असेल तर शेअरच्या भानगडीत पडू नका. फोल्डर गिटमध्ये (फाईलींचे बदल नोंदवून टीमला वाटणारं टूल) ठेवा, प्रत्येकानं आपल्या मशीनवर क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, करून घ्यावा आणि सकाळी पुल मारावं, म्हणजे नवे बदल ओढून घ्यावेत. लिहिण्याचा हक्क मात्र एकाकडंच ठेवा. दोघांनी एकाच दिवशी डोमेनच्या फाईलला हात लावला की एकाचं काम जातंच.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. एका शनिवारी संध्याकाळी नवी आवृत्ती उतरवली, झिप उघडली, जागा कमी होती म्हणून जुना फोल्डर डिलीट केला आणि घरी गेलो. सोमवारी बघतो तर आम्ही लिहिलेले सगळे नियम आणि स्क्रिप्ट गायब! ते जुन्या फोल्डरच्या पोटात होते. मच्छेत राहणाऱ्या एका पोरानं आळसानं आपल्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती टाकली नव्हती, त्यानं आम्हाला वाचवलं. तेव्हापासून नवी आवृत्ती टाकण्याआधी फोल्डर बाहेर आहे का, ते मी स्वतः बघतो.

४. डिझाईन मेल केलं तर समोरच्याला उघडंना. फाईल खराब झाली का?

फाईल ठीक आहे, अर्धीच गेली. डिझाईन म्हणजे डीएमडी फाईल आणि त्याच नावाचा फोल्डर, अशी जोडी असते. खरा माल फोल्डरमधल्या एक्सएमएल फाईलींमध्ये असतो. दोन्ही एकत्र झिप करून पाठवा. आणि विंडोजमध्ये फक्त फाईलचं नाव बदलू नका, जोडी तुटते. नाव बदलायचं असेल तर टूलमधूनच 'सेव्ह ॲज' करा.

५. नावांच्या स्टँडर्डची सुरुवात कुठून करू?

ज्याच्यावर कुणाचं भांडण होत नाही तिथून. की आणि कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) यांची नावं टूलला साच्यावरून बनवू द्या. डिझाईनच्या सेटिंग्जमध्ये नेमिंग स्टँडर्डखाली टेम्प्लेट्स आहेत. प्रायमरी कीला (जिच्यावरून नोंद ओळखायची ती) टेबलाचं नाव आणि पुढं पीके. फॉरिन कीला (जी दुसऱ्या टेबलाशी जोडते ती) आधी चाइल्ड (जोडणारं टेबल), मग पॅरेंट (ज्याला जोडलं ते), मग एफके. म्हणजे बिल आणि ग्राहक यांच्यातली की झाली 'बिल_ग्राहक_एफके'. साचा एकदा ठरला की माणसानं हातानं नाव टाकायचंच नाही.

टेबलाचं नाव एकवचनी की अनेकवचनी, हा वाद आरपीडी क्रॉसवरच्या दोन चहांच्या आत संपवा. दोन्ही चालतं. चालत नाही ते एवढंच, की निम्मी टेबलं अशी आणि निम्मी तशी.

६. तीस अक्षरांची मर्यादा अजून पाळायची का?

डेटाबेस कुठला, त्यावर आहे. ओरॅकलमध्ये १२.१ पर्यंत नावाला ३० बाइट (रोमन अक्षराला एक बाइट) मिळायचे. १२.२ पासून १२८ मिळतात, मात्र डेटाबेसचं कंपॅटिबल सेटिंगही तितकं वर हवं. एसक्यूएल सर्व्हरला १२८, मायएसक्यूएलला ६४ अक्षरं, पोस्टग्रेसला ६३ बाइट. पोस्टग्रेस त्रासदायक आहे, कारण लांब नाव तो नाकारत नाही. बारीकशी सूचना देऊन शेपूट कापतो आणि पुढं जातो. दोन लांब नावांची सुरुवात सारखी असली की कापल्यावर ती एकच होतात आणि मग डोकं खाजवत बसायचं.

इकडच्या कारखान्यांमध्ये जुने सर्व्हर अजून चालू आहेत, म्हणून आम्ही ३० धरूनच चालतो. रिलेशनल मॉडेलच्या (टेबल-कॉलमचा आराखडा) प्रॉपर्टीजमध्ये नेमिंग ऑप्शन्स आहेत. तिथं कमाल लांबी, अक्षरं मोठी की लहान आणि चालणारी अक्षरं कोणती ते भरा, म्हणजे तपासणीत चूक पकडली जाते. फॉरिन कीचं नाव पहिल्यांदा फुगतं, म्हणून प्रत्येक टेबलाच्या प्रॉपर्टीजमध्ये संक्षेप भरून ठेवा आणि साच्यात पूर्ण नावाऐवजी संक्षेप वापरा.

७. ग्लॉसरी आणि नेम ॲब्रिव्हिएशन्स यांत फरक काय? दोन्ही ठेवायचे का?

ग्लॉसरी हा तुमच्या धंद्याचा शब्दकोश. शब्द, त्याचं अनेकवचन, त्याचा संक्षेप, आणि तो नावात मुख्य शब्द म्हणून येतो की वर्ग सांगणारा म्हणून, हे त्यात असतं. लॉजिकल मॉडेलवरून (धंद्याच्या भाषेतला आधीचा आराखडा) रिलेशनल बनवताना नावांचं भाषांतर लागू करायचा पर्याय निवडला की टूल त्यावरून छोटी नावं बनवतं. नेम ॲब्रिव्हिएशन्स हे साधं काम: एका सीएसव्ही फाईलमध्ये लांब शब्द आणि त्याचा संक्षेप, आणि तयार नावांत थेट अदलाबदल. नवीन काम ग्लॉसरीनं सुरू करा. सीएसव्ही जुनी नावं सरळ करायला बरी.

ग्लॉसरीचा खरा फायदा स्पेलिंगला होतो. पिग्मी ठेव आपल्याकडं प्रत्येक पतसंस्थेत असते. सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये ही योजना सुरू केली तेव्हा इंग्रजी स्पेलिंगची सुरुवात 'पीआयजी' अशी केली. आमच्या एका मुलानं डिक्शनरी बघून 'पीवायजी' लिहिलं. एका डेटाबेसात दोन्ही टेबलं, आणि रिपोर्ट लिहिणारा बिचारा अर्ध्या खात्यांची बेरीज घेऊन बसलेला. आता ग्लॉसरीत एकच स्पेलिंग आहे आणि दुसरं टाकलं की तपासणीत लाल होतं.

८. डोमेन खरंच लागतात का? कॉलमला डेटाटाइप दिला की झालं की!

एकच टेबल असेल तर झालं. चाळीस असतील तर डोमेन नसणं महागात पडतं. टूल्स मेनूत डोमेन्स ॲडमिनिस्ट्रेशन आहे. तिथं नाव, प्रकार, लांबी, चेक कन्स्ट्रेंट (मूल्य तपासणारा नियम) किंवा मूल्यांची यादी एकदाच भरायची.

जीएसटी नंबर घ्या. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन. म्हणजे डोमेनची लांबी ठरलेली आणि सुरुवात आकड्यांनीच व्हायला हवी, हा चेकही त्यातच. आता आपली गंमत बघा. कर्नाटकाचा कोड २९, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला कर्नाटकातल्याच अथणीला माल पाठवतो तेव्हा बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. अथणीपेक्षा कितीतरी जवळ, पण महाराष्ट्रात असलेल्या चंदगडला पाठवला की आयजीएसटी. इकडच्या जवळजवळ प्रत्येक व्यापाऱ्याला रोज दोन राज्यांत बिलं करावी लागतात. म्हणून 'राज्य कोड' हे वेगळं डोमेन करा, मूल्यांची यादी द्या आणि ग्राहक, पुरवठादार, बिल, डिलिव्हरी या सगळीकडं तेच लावा. जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे कापून राज्य काढायचा मोह होतो. पण नोंदणी नसलेल्या ग्राहकाला हा नंबरच नसतो, त्याचं राज्य मग कुठून आणणार?

एक ध्यानात ठेवा: कॉलम रिकामा चालेल की नाही, ते डोमेनमध्ये ठरत नाही. ते प्रत्येक कॉलमवर ठरवावं लागतं.

९. मराठी-कन्नड नावांसाठी कॉलम किती लांबीचा ठेवायचा?

ओरॅकलमध्ये लांबीचं एकक काही सांगितलं नाही तर सहसा बाइट धरलं जातं. देवनागरी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांत युनिकोडचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइट खातं, आणि काना-मात्रा-वेलांटीही वेगळं चिन्ह म्हणून मोजली जाते. 'खानापूर तालुका' मोजून बघा: तेरा चिन्हांचे ३९ आणि मधल्या जागेचा १, मिळून ४० बाइट. रोमनमध्ये हेच १५. तीस बाइटच्या कॉलमात रोमन नावं वर्षभर सुखानं बसली, क्लायंटनं मराठी टायपिंग सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी ओआरए-१२८९९: मूल्य कॉलमसाठी फार मोठं, प्रत्यक्ष ४०, कमाल ३०.

उपाय डोमेनमध्येच करा. 'नाव_स्थानिक' असं डोमेन करून त्याचं एकक 'कॅरेक्टर' ठेवा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल व्हारचारची (मजकुराचा डेटाटाइप) लांबी अक्षरांतच मोजतात, त्यामुळं तिथं हा ताप नाही. मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट मात्र यूटीएफ८एमबी४ च हवा. ८.० पासून तोच मूळचा आहे, जुन्या सर्व्हरवर बघून घ्या. एसक्यूएल सर्व्हरवर एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा डेटाटाइप) वापरा.

१०. गावाचं नाव कुठल्या भाषेत ठेवायचं? आमच्यात यावरून रोज वाद होतो.

सीमाप्रश्न सोडवायचं काम तुमच्या टीमकडं नाही, गावाचा कॉलम मात्र आहे. त्यामुळं नाव ही ओळख धरूच नका, कोड धरा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. बाकी सगळ्या टेबलांत फक्त तो कोड जाईल. नावांसाठी वेगळं टेबल: गावाचा कोड, भाषा, लिपी, नाव, कधीपासून. मग बिल मराठीत छापायचं की कन्नडमध्ये, हे छापताना ठरतं.

'कधीपासून' हा कॉलम चैनीचा नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बेलगाम जाऊन बेळगावी झालं. मराठीत आपण बेळगावच लिहितो. जुन्या कागदांवर एक, नव्या कागदांवर दुसरं आणि माणसांच्या तोंडी तिसरं. तालुक्यांचंही तसंच. निपाणी चिकोडीतून वेगळी झाली, कागवाड अथणीतून, मुडलगी गोकाकमधून, कित्तूर बैलहोंगलमधून. गाव जागचं हललं नाही, वरचा तालुका बदलला. म्हणून गाव-तालुका नात्यालाही तारीख लावा, नाहीतर जुना रिपोर्ट आज काढला की आकडे हलतात.

माणसांच्या नावांचा प्रश्न याच जातीचा. आपलं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन खणांची सवय कन्नड घरांत चालतेच असं नाही. कित्येकांच्या नावाआधी नुसती आद्याक्षरं असतात, आडनाव नसतं. आडनाव सक्तीचं केलंत तर काउंटरवरचा माणूस तिथं ठिपका टाकून मोकळा होतो. पूर्ण नावाचा एक कॉलम सक्तीचा ठेवा, बाकीचे ऐच्छिक.

११. शेतीचं क्षेत्र कसं साठवायचं? नुसता दशांश चालेल का?

नाही चालणार. ऊस नोंदणीच्या कामात सगळ्यात महाग चूक हीच. कर्नाटकाच्या पहाणीवर (तिकडचा सातबारा) क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन एकर तीस गुंठे म्हणताना ऑपरेटर सहज २.३० टाकतो. कॉम्प्युटर ते दशांश समजून दोन एकर बारा गुंठे धरतो. खरं क्षेत्र आहे २.७५ एकर. अठरा गुंठे हवेत गेले, आणि ज्याचे गेले तो शेतकरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर!

पलीकडं महाराष्ट्राच्या सातबारावर हेक्टर-आर. कारखान्याचे शेतकरी दोन्ही बाजूंना, म्हणजे दोन्ही एकके एकाच टेबलात येणार. आम्ही डोमेन असे केलेत: एकर हा पूर्णांक, गुंठा हा चाळीसपेक्षा कमी, चार दशांश स्थळांचा, कारण पहाणीवर आणेही येतात आणि सोळा आण्यांचा गुंठा असल्यानं एक आणा म्हणजे ०.०६२५ गुंठा; मूळ एकक कोणतं, याची यादी; आणि चौरस मीटर, जो कुणी टाईप करायचा नाही, हिशेबानंच भरायचा. गुंठा आणि आर एकच धरणारे पुष्कळ भेटतात. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि आर बरोबर १००. एकरामागं सत्तेचाळीसच्या आसपास चौरस मीटरचा फरक पडतो. वरचे दोन एकर तीस गुंठे सुमारे ११,१२९ चौरस मीटर होतात, ते तपासायला हाताशी ठेवा.

१२. कुणी केलं, कधी केलं, हे चार कॉलम प्रत्येक टेबलात हातानं टाकायचे का?

अजिबात नाही. टूलसोबत नमुन्याच्या ट्रान्सफॉर्मेशन स्क्रिप्ट (मॉडेलमध्ये आपोआप बदल करणाऱ्या) येतात, त्यात टेबल टेम्प्लेटची आहे. 'टेबल_टेम्प्लेट' नावाचं एक टेबल करायचं, त्यात ते चार कॉलम ठेवायचे, स्क्रिप्ट चालवायची. सगळ्या टेबलांत कॉलम जातात. पुढं टेम्प्लेटमध्ये बदल करून पुन्हा चालवलं की तो बदलही पसरतो. फक्त डीडीएल काढताना हे टेबल वगळा. आमच्याकडून एकदा ते क्लायंटच्या डेटाबेसात गेलं होतं आणि 'हे कशाचं टेबल वो?' असा फोन आला होता.

१३. डिझाईन रूल्स (मॉडेल तपासणारे नियम) चालवले की शेकडो चेतावण्या येतात. सगळ्या सोडवायच्या का?

शेकडो आल्या म्हणजे कुणीच वाचत नाही, हे मी खात्रीनं सांगतो. मुलं म्हणतात, "सर, असूदे की वो, नंतर बघू," आणि तो नंतर काही येत नाही. रोजच्यासाठी छोटा रूल सेट करा. आमच्यात आठच नियम आहेत: प्रायमरी की नाही, डोमेन नसलेला कॉलम, नाव फार लांब, नावात न चालणारं अक्षर, फॉरिन कीवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही, टेबलाला संक्षेप नाही, टेबलाला वर्णन नाही, ग्लॉसरीत नसलेला शब्द. हे आठ शून्यावर आल्याशिवाय पुश करायचं नाही, म्हणजे बदल गिटवर चढवायचे नाहीत. बाकीची पूर्ण तपासणी क्लायंटला देण्याआधी एकदा.

१४. स्वतःचा नियम लिहायला प्रोग्रॅमिंग यावं लागतं का?

थोडं. नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. कुठल्या वस्तूवर चालवायचा, चूक मानायची की चेतावणी, हे निवडून खाली पाचसात ओळी. बरोबरचे नमुने वाचून जमतं. आधी मॉडेलच्या प्रतीवर चालवा, विशेषतः ट्रान्सफॉर्मेशन, कारण तपासणी फक्त बोट दाखवते, ट्रान्सफॉर्मेशन मॉडेल बदलून टाकतं.

कालपर्यंत चालणारी स्क्रिप्ट अचानक चालत नसेल तर आधी जावाची आवृत्ती बघा. जावास्क्रिप्ट चालवणारं, जावा ८ सोबत येणारं नॅशहॉर्न इंजिन जावा १५ मध्ये काढून टाकलं गेलं. म्हणून जावा कोणती वापरायची, हेही टीमच्या स्टँडर्डमध्ये लिहून ठेवा.

१५. आकृतीत मराठी टाकलं की चौकोन दिसतात. वर्णन मराठीत लिहू की इंग्रजीत?

चौकोन फॉन्टमुळं. विंडोजवर निर्मला यूआय निवडा, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. बदल डिझाईनच्या सेटिंग्जमध्ये करा (प्रश्न २), म्हणजे सगळ्यांना दिसेल.

वर्णनाला तीन खण आहेत. त्यातला 'कॉमेंट्स इन आरडीबीएमएस' डीडीएलमधून डेटाबेसात जातो, नुसता 'कॉमेंट्स' आणि 'नोट्स' मॉडेलमध्येच राहतात. डेटाबेसात जाणारं इंग्रजीत लिहा, कारण पुढं तो कोण सांभाळेल सांगता येत नाही. 'नोट्स' मराठीत बिनधास्त लिहा. क्लायंट बोलताना जे शब्द वापरतो, गेटपास, तोड, मुकादम, ते तिथं जसेच्या तसे असू देत.

१६. गिटमध्ये दोघांचे बदल भिडले तर?

एक्सएमएल हातानं जुळवत बसू नका. प्रत्येक टेबलाची फाईल वेगळी असते, त्यामुळं दोघं वेगळ्या टेबलांवर असतील तर सहसा भिडत नाही. भिडते ती आकृती, कारण एकानं चौकट इकडं सरकवली, दुसऱ्यानं तिकडं. मुख्य आकृती एकाच्या ताब्यात द्या, बाकीच्यांनी आपापल्या सबव्ह्यूत (मॉडेलच्या एका भागाची वेगळी आकृती) काम करावं. तरी भिडलंच तर एकाची बाजू पूर्ण घ्या आणि दुसऱ्याचं डिझाईन टूलमधल्या इम्पोर्टनं आणून फरक बघत जोडा.

१७. आम्ही दुसरं टूल वापरतो. यातलं काय लागू पडतं?

डोमेन, बाइट, गावाचा कोड, एकर-गुंठे (प्रश्न ८ ते ११) कुठल्याही टूलला लागू. सेटिंग कुठं साठतं, ते मात्र प्रत्येकाचं वेगळं. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये प्रायमरी की आणि फॉरिन कीच्या नावांचे साचे प्रेफरन्सेसमध्ये मॉडेलिंगखाली आहेत, म्हणजे ते मशीनपुरते. प्रत्येकानं हातानं भरायचे, म्हणून स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना पाठवा. पॉवरडिझायनर आणि अर्विन ही विकतची आणि मोठी टूल आहेत, त्यांत नावांचे नियम वेगळे साठवून वाटता येतात. चार जणांच्या टीमनं केवळ तेवढ्यासाठी ती घ्यावीत, असं मला वाटत नाही.

१८. पुण्याच्या क्लायंटचं स्टँडर्ड वेगळं, आमचं वेगळं. एकाच मशीनवर दोन्ही कसं सांभाळू?

नावांचे साचे डिझाईनसोबत जातात, त्यामुळं तिथं अडचण नाही. अडचण टाइप्स फोल्डरची, कारण प्रेफरन्सेसमध्ये त्याचा एकच पत्ता राहतो. रोज पत्ता बदलत बसलात तर एक दिवस विसराल आणि इकडची डोमेन तिकडच्या मॉडेलमध्ये जातील. सगळ्यात साधं म्हणजे विंडोजवर दोन यूजर करा, प्रत्येकाचं प्रेफरन्सेस वेगळं. आमची एक मुलगी निपाणीहून असंच करते. सकाळी एका लॉगिननं, दुपारनंतर दुसऱ्या, वॉलपेपरही वेगळे, म्हणजे नजर गेली की कळतं आपण कुणाच्या घरात आहोत.

१९. चालू डेटाबेस टूलमध्ये आणलाय. त्यालाही नवं नावांचं स्टँडर्ड लावू का?

मॉडेलवर राइट क्लिक करून की आणि कन्स्ट्रेंटना नेमिंग स्टँडर्ड लावायची सोय आहे. एका क्लिकमध्ये सगळी नावं सरळ होतात, आणि म्हणूनच मी ती घाईनं दाबू देत नाही. मॉडेलमध्ये नाव बदललं की डेटाबेसशी तुलना करताना तो फरक म्हणून येतो आणि डीडीएलमध्ये उतरतो. ओरॅकल कन्स्ट्रेंटचं नुसतं नाव बदलू देतो, पण निघालेली स्क्रिप्ट नाव बदलतेय की कन्स्ट्रेंट पाडून पुन्हा बांधतेय, ते ओळ न ओळ वाचा. मोठ्या टेबलावर पाडून बांधणं म्हणजे काउंटर बंद. शिवाय जुन्या प्रोग्रॅममध्ये कुणी कन्स्ट्रेंटचं नाव पकडून ग्राहकाला संदेश दाखवला असेल, तर तो संदेश त्या दिवसापासून बंद.

आम्ही जुन्या टेबलांची नावं तशीच ठेवतो. वर्गीकरणात 'जुनं' असा प्रकार करून त्यांना राखाडी रंग दिलाय आणि रोजच्या आठ नियमांतून (प्रश्न १३) ती वगळली आहेत. नवं टेबल झालं की ते नव्या पद्धतीनं. जुन्याला हात लावायचा तो दुसऱ्या कामासाठी ते टेबल उघडावंच लागलं तर, आणि तोही गळीत हंगाम चालू नसताना.